बांधापलीकडची भेंडी

मी कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमधल्या एका बियाणे कंपनीत काम करते. घर मराठी, पण जन्म कोलकात्याचा. शेत जवळून पाहिलं ते नोकरीमुळेच. शहराच्या कडेला, कालव्यापलीकडे दोन भाऊ भेंडी लावायचे. वाटणीत थोरल्याने पाण्याजवळची जमीन स्वतःकडे ठेवली आणि धाकट्याला शेवटचा तुकडा दिला. धाकट्याने केवडा रोगाला बळी न पडणारं आमचं वाण घेतलं, तेव्हा थोरला चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "महागडं बी घेतोय! आधी पोट भर म्हणावं."

त्या उन्हाळ्यात पांढरी माशी आली आणि मागोमाग केवडा. थोरल्याच्या भेंडीची पानं पिवळीजर्द पडली, भेंड्या वाकड्या आणि पांढुरक्या. धाकट्याचं शेत मात्र हिरवंगार. त्याच्या फवारण्या वाचल्या, तोडे जास्त झाले. आसपासचा माल बुडाल्यामुळे भावही चढला.

"रोगट झाडं उपटून टाका, दादा," मी थोरल्याला सांगितलं. त्याने उपटली नाहीत. रोज सकाळी बांधावर उभा राहून भावाच्या पानांवर पिवळेपणा शोधायचा.

"पसरू दे ना जरा तिकडेही," तो मला अगदी सहज म्हणाला.

नाही पसरला. शेवटी थोरला धाकट्याच्याच शेतात मजुरीने भेंडी तोडायला गेला. भेंडीच्या लवेने हातांची आग होते. धाकट्याने बाकीच्या मजुरांना हातमोजे दिले. थोरल्याने मागितले, तर म्हणाला, "तू वाटणी देणारा माणूस. तुझ्या हातांना घ्यायची सवय कुठंय?"

पुढच्या हंगामाआधी मी थोरल्याला आमच्या बियाण्याचं एक पाकीट दिलं. धाकट्याने ते माझ्यासमोर त्याच्या हातातून काढून घेतलं.

"दिदी, बांधापलीकडेही चांगली भेंडी आली तर मला भाव कोण देणार?"

"अहो, तो तुमचा सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर."

बी दुकानातही मिळत होतं. थोरला गेला नाही. ईर्षेने जुनंच बी पेरलं आणि केवड्याने तेही खाल्लं. पाण्याजवळची जमीन त्याने विकली, धाकट्यालाच.

आमच्या साहेबांना जाहिरातीसाठी यशस्वी शेतकऱ्याचा फोटो हवा होता. मी गेले, तेव्हा धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून तयार उभा होता. शेजारी थोरला, डोक्यावर भेंडीची भरलेली टोपली घेऊन.

"टोपली येऊ दे," धाकटा मला म्हणाला. "तोंड नको."

थोरल्याने स्वतःच मान फिरवली.