तबकावरचे राजहंस

आमच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे येणार असले, की आधी माझ्या दारात माणूस येई. "दाक्षायणी, रुमाल दे की." पानसुपारीच्या तबकावर घालायचा माझा क्रोशाचा रुमाल, समोरासमोर दोन राजहंस विणलेला. मुलगी तबक घेऊन बाहेर आली, की तिची आई सहज म्हटल्यासारखं म्हणे, "हे हिनंच केलंय." आमच्या बाळीवेशीतल्या नऊ मुली त्या रुमालानं उजवल्या. त्यांतल्या सात जणींना सुई कुठल्या हातात धरतात तेही ठाऊक नव्हतं.

मी देत का होते? भिडेपोटी, असं मी सगळ्यांना सांगे. खरं म्हणजे मला आवडायचं ते. माझं काम बघून लोक मुली करून नेतात, हे मनातल्या मनात चघळायला बरं वाटायचं.

मी शिकले तेव्हा, वीस-एकवीस साली, या कामाला कुणी विचारत नव्हतं. मिशनच्या शाळेत शिकलेली एक बाई शेजारी राहायची, तिनं मला साखळी घालायला आणि खांब विणायला शिकवलं. सुई कुठली मिळायला! छत्रीची मोडकी काडी दगडावर घासून तिलाच आकडा केला. सासूबाई म्हणाल्या, "सायबिणीचं काम हाय ते. सैपाकघरात आणू नको." पुढं धाकट्या दिरासाठी मुली बघताना त्याच सासूबाई पहिला प्रश्न विचारू लागल्या, "क्रोशाचं येतं का?" काम तेच, टाके तेच, मधल्या दहा वर्षांत ते घरंदाज झालं एवढंच. आता तर नमुन्यांची छापील पुस्तकं मिळतात, दोऱ्याच्या गुंड्या मिळतात, पोलादी सुया मिळतात, आणि मुलींची बोटं दुखतात.

माझ्या लेकीची, जगदेवीची मात्र दुखत नव्हती. सहा वर्षांची असताना माझी चुकलेली ओळ ती उसवून द्यायची. पंधराव्या वर्षी माझ्यापुढे गेली. हे सांगताना अभिमान वाटतो, आणि थोडं झोंबतंही.

छत्तीस साली तिला दुधनीचं स्थळ आलं. मुलगा रुद्रप्पा, घरचं धान्याचं दुकान. स्थळ आणलं मायाक्कानं, म्हणजे मुलाच्या थोरल्या भावजयीनं. ती आमच्या शेजारच्या घरातली लेक. चार वर्षांपूर्वी माझाच रुमाल दाखवून त्या घरात गेलेली. मी ठरवलं, या खेपेला जुना रुमाल नाही. जिनं विणलं तीच तबक घेऊन बाहेर येईल, गल्लीत एकदा तरी खरं होऊ दे. जगदेवीनं दोन महिने खपून नवा रुमाल केला. मी म्हटलं होतं, पोपट काढ. ती म्हणाली, "अव्वा, तुझे हंसच काढते." मी विरघळले. तिथंच चुकलं.

मुलाची आई गोजाबाई. तिनं तबकावरचा रुमाल उचलला, उलटापालटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"हे तर आमच्या मायाक्काचे हंस! चार वर्सांमागं ह्या शेजारच्या घरात बघितल्यात की. ह्या माना मी इसरीन व्हय?" मग जगदेवीकडं वळून, "पोरी, नक्कल केलीस व्हय?"

जगदेवीनं माझ्याकडं बघितलं. भिंतीशी मायाक्का बसली होती, पदर पुढं ओढून, लुगड्याचा काठ कुरतडत. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर मायाक्काची त्या घरातली चार वर्षं खोटी झाली असती, आणि असल्या गल्लीतली दुसरी मुलगी गोजाबाईनं कशाला केली असती? शिवाय मायाक्काच्या खोट्याला रुमाल पुरवला होता कुणी?

"व्हय अक्का," मी म्हटलं. "मायाक्काचा बघूनच केलाय तिनं."

जगदेवीनं तबक खाली ठेवलं. दोन पानं सतरंजीवर पडली, ती तिनं उचलली नाहीत.

गोजाबाई खूश झाली. "खरं बोललात, हे मला लई आवडलं. न्हायतर हितं सगळ्याच म्हणत्यात, आमच्या पोरीनं केलंय. पोरगी पसंत हाय. डोळं दुखत्यात म्हणून मायाक्कानं लगीन झाल्यापासून सुई धरली न्हाय, पर हिला शिकवील की."

आत आल्यावर मायाक्का माझ्या पायाशी बसून रडायला लागली. "मावशी, मी काय शिकवू हिला?" जगदेवी चुलीपाशी दूध ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "मी तुला शिकवते. दार लावून बसू." मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी नातवाच्या बारशाला दुधनीला गेले. पाळण्यावर मोरांची जाळी घातली होती, इतकी नाजूक की माझे हात आपोआप तिच्याकडं गेले. गावच्या बायका ती बघायला दाटीनं उभ्या होत्या. मायाक्का एकीला साखळीचे टाके मोजून दाखवत होती. खरंच येत होते तिला. जाळी कुणाची ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाळाला घेऊन जगदेवी दारात उभी होती, ती माझ्याकडं बघेना.

"मायाक्काचं डोळं बरं झालं बगा," गोजाबाई सांगू लागली. "काय हात हाय तिचा! तुमची जगदेवी गुणाची हाय, पर ह्यात तिला गती न्हाय. दोन वर्सं झाली, अजून मायाक्काला दोरा धरून देती. आता लहानपणी घरात कुणी शिकवायला नसलं, तर पोरीचा तरी काय दोष?"

बायका माझ्याकडं बघत होत्या. मायाक्का टाके मोजायची थांबली.

"व्हय की अक्का," मी म्हटलं. "आमच्यात कुणाला येतंय हे?"