लोणी काळभोरचा मामा

हे तुमची आई तुम्हां दोघांना स्पॅनिशमध्ये करून वाचून दाखवील. मध्येच ती हसू लागली तर तिला थांबवा आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा.

तुम्ही तिकडे स्पेनमध्ये शाळेत जाऊ लागलात आणि तुमचं मराठी ‘बरा आहे’, ‘जेवले’ एवढ्यावर आलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि त्या इंग्रजीचा मला थोडा तोराही आहे. पण इंग्रजीत बोलणं तुम्हाला गृहपाठासारखं वाटतं, आजीशी बोलण्यासारखं नाही. तेव्हा मी स्पॅनिश शिकायचं ठरवलं. रविवारच्या फोनवर तुम्ही आपणहून मला मागावं, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवार पेठेत एका औषधाच्या दुकानाच्या वर वर्ग भरतो. तिथे मी नाव घातलं, आणि जिना चढताना सोबत हवी म्हणून तुमच्या आजोबांचंही घातलं.

मी शिस्तीने अभ्यासाला लागले. बुधवार पेठेत जाऊन व्याकरणाची दोन पुस्तकं आणि कार्डशीट आणली. क्रियापदांचे तक्ते केले, वर्तमानकाळ हिरव्या शाईत, भूतकाळ लाल, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांना आतून चिकटवले. डाळीचा डबा काढायला गेलं की एक क्रियापद म्हणायचं. तुमच्या आजोबांनी पुस्तकावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. माझे तक्ते न्याहाळून ते म्हणाले, “पाठ झालं की कळव. बोलायला माणसं आणू.”

गुरुवारी बोलण्याचा सराव असे. बाई जोड्या लावून देत. मी आधी मनात वाक्य रचायची, लिंग तपासायची, क्रियापद तपासायची, आणि तोंड उघडेपर्यंत समोरचा मुलगा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. तुमचे आजोबा मात्र दोन्ही हात हवेत फिरवत, सापडला नाही तो शब्द सरळ मराठीत घालत बोलत सुटायचे. अंडं हा शब्द आठवेना तेव्हा त्यांनी कोंबडीसारखं ‘कॉक कॉक’ केलं. वर्गातली आयटीत नोकरी करणारी तरुण मुलंमुली ‘काका माझ्याबरोबर’ म्हणून भांडायची. लेखी परीक्षेत मी पहिली आले आणि ते काठावर पास झाले. त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “काकू, तुमचे तक्ते झेरॉक्सला द्याल का?” आणि त्यांना म्हणाल्या, “काका, तुम्ही आला नाहीत की वर्ग सुना वाटतो.” माझे सगळे तक्ते देऊन मी ते दुसरं वाक्य विकत घेतलं असतं.

पण वर्गातलं एक वेळ सोसलं. घरातलं सोसवेना. तुमच्या आजोबांनी रविवारी फोनवर तुमच्याशी स्पॅनिशमधून नाव-गाव-फळ-फूल खेळायला सुरुवात केली. एक अक्षर ठरवायचं, त्यावरून नाव, गाव, फळ, फूल लिहायचं आणि मग वाचून गुण घ्यायचे. फोन लागल्याबरोबर तुम्ही ओरडायचात, “अहो! अहो!” मी त्यांना जी हाक मारते तीच तुम्ही त्यांचं नाव समजून उचललीत. म्हणजे तीसुद्धा माझ्याकडे उरली नाही. मी दोन मिनिटं पडद्यासमोर बसायची, पाठ केलेलं वाक्य म्हणायची, तुम्ही ‘छान आजी’ म्हणायचात. मग मी आत जाऊन मेथी निवडत बसायची आणि त्यांच्या चुका मोजायची. चुका पुष्कळ असत. तुमच्या कानाला त्यातली एकही टोचत नसे.

एल अक्षर आलं की ते दर वेळी गाव म्हणून लोणी काळभोर लिहीत. एकदा तुम्ही विचारलंत, असं गाव खरंच आहे का. ते म्हणाले, आहे तर, माझा मामा राहायचा तिथे.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. लोणी काळभोर माझं आजोळ आहे. मामा माझा. हे तिथे लग्नानंतर एकदा जेवायला गेले होते, तेही ऊन फार आहे म्हणत चार वाजता परत निघाले. जेवताना मी विचारलं तर म्हणाले, “अगं, खेळ आहे तो. तुझा मामा काय, माझा मामा काय.” त्यांना दुसरी पोळी मी आपणहून वाढली नाही.

मग त्यांची दाढ काढली. रविवारी गाल हा एवढा सुजलेला, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. त्यांच्या जागी मी बसले. समोर कागदावर वाक्यं लिहून ठेवली होती. “अहो कुठे आहेत?” तुम्ही विचारलंत. मी कागदावरून सांगितलं, त्यांची दाढ काढली आहे, आज मी खेळणार. धाकट्या, तू तेवढ्यात खुर्चीवरून उतरायला लागलास. थोरलीने तुझा सदरा धरून तुला बसवलं. तिचे संस्कार मला दिसले, पण तू उतरत होतास तेही दिसलं.

नेमकं एल आलं. तू एक गाव वाचलंस. तसलं गाव पृथ्वीवर कुठे नाही हे तुझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, हे चालणार नाही. तू म्हणालास, “अहो चालू देतात.” थोरलीने पुस्ती जोडली की अहोंचंही गाव खोटंच असतं, ते लोणी, आणि तो मामाही. ते बनवून सांगतात म्हणून आम्हीही बनवतो.

मी कागद बाजूला सारला. “गाव खरं आहे,” मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, “आणि मामा त्यांचा नाही. माझा आहे.”

तुम्ही दोघंही पुढे सरकलात. मग एकामागून एक प्रश्न. मामा काय करायचा, गाव किती लांब, तिथे समुद्र आहे का. मी सांगत सुटले. उसाचा फड, सोलापूरच्या रस्त्यावरून रात्रंदिवस जाणारे ट्रक, मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून गुऱ्हाळावर न्यायचा ते. गुऱ्हाळाला शब्द माहीत नव्हता. मी दोन्ही हातांनी चरक फिरवून दाखवला, उकळत्या काहिलीचा आवाजही काढला. भूतकाळ लाल शाईतला होता की हिरव्या, काही सुचलं नाही. दाराशी तुमचे आजोबा गालाला बर्फ लावून उभे होते आणि त्यांना एक शब्द बोलता येत नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा “अहो!” म्हणूनच ओरडलात. माझं मन खट्टू झालं, लपवत नाही. पण अहो आले तेव्हा थोरलीने त्यांना विचारलं, मामा कुणाचा? ते म्हणाले, “हिचा.” मग धाकटा म्हणाला, आजीला बोलव, गुळाचं पुढे काय झालं ते राहिलंय.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा आपण लोणीला जाणार आहोत. मामा आता नाही, पण मामेभावाचा ऊस आहे. तुमचे आजोबाही येतो म्हणतात. येऊ देत. गावाबद्दल काय विचारायचं ते मला विचारा.