श्रीखंडाच्या डब्यातली काडतुसं

दरवर्षी शिकारीचा परवाना काढून एकही हरीण न मारलेला माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! मामा मूळचे नागपूरचे. इथल्या ट्रॉय गावात गाड्यांच्या ब्रेकवर काम करून रिटायर झालेले. रायफल निवडायला त्यांनी जेवढा वेळ लावला, तेवढ्यात लोक मुलीचं लग्न जमवून नातवाचं बारसं उरकतात. शेवटी घेतली ती छोट्या कॅलिबरची, बारीक गोळीची. मोठीचा धक्का बसणार म्हणून डोळे आधीच मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांनी कुणाचा जीव घेऊ नये, हे त्यांचं तत्त्व. पण मग गोळी फुफ्फुसापर्यंत पोचणारी हवी. सरावाची हलकी गोळी कातडीपाशीच फुटते आणि जनावर जखमी होऊन तडफडत राहतं. हे सगळं ते गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणलेल्या जेवणात, समोरच्याच्या तोंडात मोदक असताना सांगत. लोक प्लेट घेऊन गराजमध्ये पळायचे.

मामा-मामी कायमचे नागपूरला परतणार, तो त्यांचा शेवटचा सीझन. यंदा तरी रस्सा होऊ द्या, असं मामींनी बजावलेलं. मी सोबतीला गेलो. सकाळभर थंडीत कुडकुडलो, आणि काय सांगू, झाडीतून एक शिंगवाला नर येऊन अगदी आडवा उभा राहिला. मामांनी रायफल उचलली. नेम धरला. आणि हळूच खाली ठेवली.

भानगड अशी, की आपल्याकडे रिकामा डबा टाकणं म्हणजे पाप. सरावाची काडतुसं श्रीखंडाच्या एका डब्यात, हरणाची दुसऱ्यात; दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून झाकणांवर चिठ्ठ्या. आदल्या दिवशी मामींनी दोन्ही झाकणं पुसून ओट्यावर ठेवलेली मामांना नेमकी आत्ता आठवली. कुठलं झाकण कुठल्या डब्यावर बसलं, देव जाणे.

"बहुतेक हरणाचीच गोळी असेल मामा, घ्या की रिस्क," मी कुजबुजलो.

"रिस्क माझी कुठे आहे? त्याची आहे."

तो नर आरामात निघून गेला. मामांनी काडतूस काढलं आणि परीक्षा पुढे ढकललेल्या पोरासारखं हुश्श केलं. खरं सांगतो, माझ्याही जिवात जीव आला. गाडीत आम्ही दोघं उगाचच हसत होतो.

आता शिकारीचा नोव्हेंबर आला की नागपूरहून फोन येतो. तब्येतीच्या आधी मामा विचारतात, "दिसला का रे तो?"

मी त्या रानात पुन्हा पाऊलही टाकलेलं नाही. मामांनाही ते ठाऊक असावं.

"दिसला मामा," मी सांगतो. "चांगला धिप्पाड झालाय."