समिंदरकाकू आणि गल्लीच्या मिरच्या

समिंदरकाकूंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. घाटात गाडी लागते म्हणून त्या कधी कोकणात उतरल्याच नाहीत. पण मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी किती तापलंय, हे त्यांच्याइतकं आमच्या कोल्हापुरात कुणाला ठाऊक नसावं. पुण्याच्या मुलाने दिलेल्या मोबाइलवर त्या समुद्राचा रंगीत नकाशा उघडायच्या, चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाला टेकेपर्यंत जवळ आणायच्या आणि सकाळी सातला गच्चीवरून ओरडायच्या, "आज समिंदर तीस हाय गं!" आमच्याकडे दुधाच्या आधी हा आकडा यायचा.

आमच्या गल्लीचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध मिरच्यांचा. वर्षाची चटणी मे महिन्यातच होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या गच्च्यांवर वाळत पडतात, कडकडीत झाल्या की डंकावर कांडायला जातात. मध्येच भिजल्या तर त्यांना बुरशी धरते आणि वर्षभराच्या रश्श्याची चव गेली म्हणून समजा. कोल्हापुरात माणूस एकवेळ बाकी सगळं सहन करील, पण हे नाही.

काकूंचा सिद्धान्त गोठ्यातला होता. "समिंदर सव्वीस-सत्तावीसच्या वर गेला की वादळाला चारा मिळाला. अन् तिसाच्या वर म्हंजे पेंडच की!"

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं. "वरचं पाणी तापलं तर एवढं काय बिघडलं?" मी विचारलं. त्यांनी मला हाताला धरून आंघोळीच्या बादलीपाशी नेलं. गार पाण्यावर बंबातलं कढत पाणी नुकतंच अलगद ओतलेलं होतं.

"बोट घाल."

घातलं आणि भाजलं.

"आता तांब्यानं ढवळ."

ढवळलं तर सगळं कोमट.

"वादळ बी असंच ढवळतंय. खालचं गार पाणी वर आलं की त्याचा जोर जातो. पण खालपतुर गरम असलं, तर ढवळील तेवढं खाईल अन् माजंल. कळलं का इंजिनेर?"

कळलं होतं. पण भाजलेलं बोट चोखत असताना तसं कबूल कोण करतो?

त्याच मे महिन्यात त्यांनी हुकूम सोडला, "वादळ माजणार, मिरच्या उचला!" गल्लीने उचलल्या. वादळ खरोखरच माजलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता दूर वायव्येला निघून गेलं. इकडे चार दिवस रणरणतं ऊन आणि मिरच्या पोत्यांत. आमच्या आईला चेव आला. ती गच्चीवरून ओरडली, "काकू, तुमच्या समिंदराला आमच्या गल्लीचा पत्ता घावला न्हाय व्हय?" सगळी गल्ली पोट धरून हसली.

"पाण्यावरनं ताकद कळती, वाट कळत न्हाय," काकू म्हणाल्या. "ते मी आधी सांगाय पायजे हुतं. चुकलो."

चूक कबूल करणाऱ्या माणसाला आमची गल्ली सोडत नाही. भाजी आणायला निघाल्या तरी कुणीतरी विचारायचं, "काकू, आज समिंदरात मीठ बरोबर हाय न्हवं?" गल्लीच्या मोबाइल-ग्रुपचं नाव मी 'समिंदर तीस' करून टाकलं. मला ते फार विनोदी वाटलं होतं.

पुढच्या मे महिन्यात गच्चीवरून आकडा येईना. एका सकाळी काकूंनी मला फाटकाशी गाठलं. आवाज खाली होता. "एकतीस हाय. खालपतुर तापलंय, अन् वादळ किनाऱ्याला धरून चाललंय. वाट मी सांगत न्हाय. पर तुझ्या आईला तेवढं सांग. माझं ती आयकायची न्हाय."

"सांगतो की," म्हणालो आणि ग्रुपवर टाकलं, 'समिंदरकाकूंचं खास बुलेटिन : एकतीस!' पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आईने ते वाचलं, हसली आणि उरलेल्या मिरच्याही पसरून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकणच्या बाजूने आभाळ आलं आणि दोन दिवस पाऊस थांबला नाही. सगळ्या गच्च्यांवरच्या मिरच्यांचा लगदा झाला. आई तो ओंजळीने गोळा करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. कोरड्या राहिल्या त्या फक्त काकूंच्या मिरच्या.

आता त्या टोमणे मारणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी त्याहून वाईट केलं. चटणी कांडून आणली आणि घरोघरी वाडगा भरून दिली. त्यांच्या घरी ते वर्ष दुकानाच्या पाकिटावर निघालं. आमच्याकडे त्या स्वतः आल्या. आईची मान वर होईना. "खावा. जरा तिखट हाय," त्या म्हणाल्या आणि जाता जाता माझ्याकडे वळल्या, "बुलेटिन झ्याक हुतं, लेका." ती चटणी मला वर्षभर लागली. अजून लागते.

यंदाच्या थंडीत काकू गेल्या. मुलाने घराला कुलूप लावलं. मी ग्रुपचं नाव गुपचूप बदललं, पण माफी मागायची तेवढी राहून गेली.

परवा आई गच्चीवरून खाली आली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. "समिंदर किती हाय बघ की," ती म्हणाली.

नकाशा शोधायला मला वेळ लागला. "एकतीस. वादळ तयार हुतंय म्हणत्यात."

"अन् वाट?"

"अजून कळत न्हाय."

ती पोती घेऊन वर गेली, मी मागोमाग. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी हसत विचारलं, "वैनी, ऊन काय चावतंय व्हय तुम्हास्नी?"

आईने एकदा काकूंच्या रिकाम्या गच्चीकडे पाहिलं, पदर खोचला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "समिंदर एकतीस हाय गं!"

गल्ली पोट धरून हसली. मी खाली बसून मिरच्या पोत्यात भरायला लागलो.