गणिताच्या प्राध्यापकाची सोयरीक

खुशालराव गावंडे यांची आणि माझी ओळख अमरावतीच्या एका कॉलेजच्या कचेरीत झाली. आम्ही धम्म स्वीकारला, त्याच्या पुढल्या वर्षी मी त्या कॉलेजच्या बगिच्याला पाणी देण्याच्या कामावर लागले, आणि माझी नेमणूक करणारे कारकून तेच होते. पुढे उतारवयात प्रौढ वर्गात बसून मी लिहावयास शिकले. ज्यांनी माझे नाव प्रथम कागदावर लिहिले, त्यांच्याविषयी आपल्या हाताने चार शब्द लिहावेत ही इच्छा होती. काही मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाकीचे त्यांनी स्वतः आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई यांनी सांगितलेले आहे.

खुशालराव मूळचे अकोल्याचे. तेथील एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, ते मजुरांची हजेरी घेत असत. कापसाचा हंगाम सुरू झाला की मजूर येत, आणि कोण टिकेल व कोण होळीच्या आधीच गावी पळेल, हे खुशालरावांना त्याच्या चपला काढण्यावरून समजे, अशी त्यांची ख्याती होती. चपला भिंतीशी नीट लावणारा टिकतो. दाराकडे तोंड करून काढणारा जातो. ही विद्या घेऊन ते अमरावतीस आले आणि कॉलेजात टायपिस्ट झाले. तेथून ते आस्थापनेच्या टेबलावर गेले. नेमणुका, रजा, बढत्या असे माणसांसंबंधीचे सर्व काम ज्या टेबलावर होते, त्यास आस्थापना म्हणतात. खुशालराव म्हणत, “मानूस शिकला किती, थे विद्यापीठानं पाहावं. टिकते किती, थे मी पाहातो.”

प्राध्यापक मंडळी तर चपला नव्हे, बूट घालीत, आणि बूट काढीत नसत. म्हणून खुशालरावांनी नवी परीक्षा बसविली. नवा माणूस भाजीबाजार कोठे भरतो असे विचारी, तर तो राहणार. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी किती वाजता सुटते असे विचारी, तर तो जाणार. मनास पटलेल्या माणसाच्या हातावर ते कोटाच्या खिशातील डबीमधून खडीसाखरेचा खडा ठेवीत. मलाही त्यांनी ठेवला होता. ही त्यांची रीत होती. तीत त्यांच्या मते सरकारी शिक्क्याएवढे वजन होते.

एकोणीसशे साठनंतर कॉलेजात गणिताचा वर्ग निघाला आणि खुशालरावांचे ग्रह फिरले. पुण्याचे एक प्राध्यापक आले. त्यांनी पहिल्या दिवशी ठेचा खाल्ला, पहिल्या महिन्यात उन्हाळा पाहिला आणि मग ते दिसले नाहीत. दुसरे आले, त्यांनी खडीसाखर तोंडात असतानाच गाडीची वेळ विचारली. संस्थेचे सचिव उत्तमराव संतापले. कचेरीत सर्वांसमक्ष ते म्हणाले, “खुशालराव, तुमी मास्तर आनता का पाव्हने?”

“साहेब, आता जो आनीन थो हालनार नाई.”

“पावसाळ्यात विद्यापीठाची कमिटी येऊन राहिली. गनिताचा मानूस नसला त् वर्ग बंद. अन् वर्ग बंद, त् तुमी परत टायपिंगच्या टेबलावर. मंग आस्थापनेचं प्रमुखपद इसरा.”

प्रमुखपदाचा निर्णय त्याच वर्षी व्हावयाचा होता. टायपिस्टाचा प्रमुख होणे ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. इंदूबाईंनी शेजारणींना आगाऊ सांगूनही ठेवले होते.

अर्जांमध्ये शेंदूरजनाघाट येथील गोवर्धन नावाच्या तरुणाचा अर्ज होता. गणितात पहिला वर्ग, घरची संत्र्याची बाग. खुशालरावांनी विचार केला की, झाड घेण्यापूर्वी मुळे पाहावीत. कोणासही न सांगता ते एसटीने शेंदूरजनाघाटास गेले. नोकरीचे नाव काढले तर गाव मुलाची स्तुतीच करील, म्हणून त्यांनी नोकरीचे नाव काढले नाही. हॉटेलात चहा घेऊन एवढेच म्हणाले, “अमरावतीवरून आलो. नत्थुजीच्या गोवर्धनची जरा चौकशी कराची हाये.”

नंतर त्यांनी विचारले, मुलगा स्वभावाने कसा आहे? काही व्यसन? एका जागी स्थिर राहतो का? प्रकृती धडधाकट आहे ना?

परगावचा कोट घातलेला गृहस्थ चैत्र महिन्यात येऊन लग्नाच्या मुलाविषयी हे प्रश्न विचारतो, याचा वऱ्हाडात एकच अर्थ होतो. खुशालरावांचा चहा संपण्यापूर्वी तो अर्थ नत्थुजींच्या घरी पोहोचला होता.

हॉटेलातून निघताच नत्थुजींचे चुलतभाऊ देवीदास यांनी त्यांना वाटेत गाठले. दोन्ही घरांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वैर होते. देवीदास हळू आवाजात म्हणाले, “पाव्हने, तुमी भले मानूस दिसता, म्हनून सांगतो. पोट्टं कामाचं नाई.”

“काहून?”

“अजी, त्याले गाडी लागते. रेल्वेत बसलं का ओकते! वर्ध्याच्या पुढं मानूस गेला नाई. मुंबईची नोकरी चालून आली होती, नाई म्हने.”

“नाई म्हने?” खुशालरावांनी थांबून विचारले.

“मायले सोडून झोप येत नाई त्याले. एवढा घोडा झाला! अन् हट्टी असा, का एकदा बसला त् उठवता उठत नाई. सिनेमा नाई, गाव पाहाचा शोक नाई. सकाळी गनित, संध्याकाळी गनित. दगड हाये जी, दगड!”

खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा निर्दोष उमेदवार त्यांनी ऐकलाही नव्हता. त्यांनी देवीदासांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “लय उपकार झाले, बाप्पा!” देवीदास तोंड उघडे ठेवून तेथेच उभे राहिले.

नत्थुजींच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. पाय धुण्यास गरम पाणी आले, पोहे आले, बागेतील मृगबहाराची शेवटची संत्री आली. गावातील पंच मंडळी येऊन बसली. गोवर्धनच्या आई रुख्मिणीबाई दाराआडून पाहत होत्या. खुशालराव मनात म्हणाले, शिक्षणाविषयी किती ही आस्था! गोवर्धन बागेतून आला. त्याने पायांतील चपला भिंतीशी अशा सरळ लावल्या की, जणू रेघ ओढली. मग खुशालरावांनी काही पाहिले नाही. त्यांनी डबी काढली, पंचांसमक्ष मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाले, “नत्थुजी, माझ्याकडून पक्कं.”

आतून कुंकवाची वाटी आली. खुशालरावांच्या कपाळास कुंकू लागले, खांद्यावर नवा दुपट्टा आला, हातात नारळ आला. अशा रीतीने सोयरीक झाली आणि खुशालरावांना तिचा पत्ता नव्हता.

“आमी वैशाखात येतो, पाहाले,” नत्थुजी म्हणाले.

“या ना. सारेच या. कालेज दाखवतो.”

पोरगी कॉलेजात शिकते, असे रुख्मिणीबाईंनी त्यावरून धरले.

वैशाखात गोवर्धनला मुलाखतीचे बोलावणे गेले. एका प्रवासात दोन कामे होतात, असे पाहून नत्थुजींनी मुलास कॉलेजकडे पाठविले आणि स्वतः नातेवाइकांसह खुशालरावांच्या घरी गेले. धुऱ्याचे वैर धुऱ्यावर. सोयरिकीला भाऊबंद सोडून जाता येत नाही, म्हणून देवीदासही सोबत होते. इंदूबाईंनी सर्वांना बसविले आणि चहा केला. कोण, कोठले, हे विचारण्याची त्यांच्या घरी पद्धत नव्हती.

चहा झाल्यावर रुख्मिणीबाई म्हणाल्या, “मंग आना पोरीले बाहेर.”

“कोन्या पोरीले?”

“तुमच्या!”

“माय वो, मले त् दोन पोट्टेच हायेत. पोरगी कुठली?”

देवीदास खाकरले. नत्थुजी उठून म्हणाले, “बाई, तुमच्या मालकानं पंचाइसमोर साखर देल्ली.”

इंदूबाईंनी पदर खोचला. “साखर देल्ली? मंग थे पोरगी कोनाची हाये अन् कुठं ठेवली हाये, थे मलेबी पाहाचं हाये. चाला!”

अशी ती वरात भर उन्हात कॉलेजच्या फाटकातून आत आली, तेव्हा मी झाडांना पाणी घालीत होते. पुढे इंदूबाई, मागे फेटे. त्याच वेळी वरच्या मजल्यावर गोवर्धनची निवड झाली होती. खुशालराव त्याच्यासह हसत पायऱ्या उतरले आणि पत्नीस पाहून शेवटच्या पायरीवरच थांबले.

“पोरगी कुठं हाये?” इंदूबाई.

“कोनती पोरगी?”

“जिच्यासाठी साखर देल्ली!” नत्थुजी गरजले.

खुशालरावांच्या ध्यानात सर्व एकदमच आले. त्यांनी कपाळास हात लावला. कुंकू लागले होते नेमके तेथे. नत्थुजींनी मुलाचा दंड धरला. “चाल रे घरी. ज्यायची पोरगी खोटी, त्यायची नौकरीबी खोटी.” वरच्या खिडकीत उत्तमराव उभे होते. गोवर्धन बापासोबत फाटकाकडे चालू लागला, आणि त्याच्याबरोबर गणिताचा वर्ग व खुशालरावांचे प्रमुखपदही चालू लागले.

खुशालराव धावत गेले आणि फाटकात आडवे उभे राहिले. त्यांनी सर्व खरे सांगितले. मूळ का पाहिले, नोकरीचे नाव का काढले नाही, मुलगा का आवडला. गाडी लागते, आईवाचून झोप येत नाही, दगड आहे, हेही त्यांनी सांगितले.

“हे कोनं सांगतलं?” रुख्मिणीबाईंनी विचारले.

सर्वांनी देवीदासांकडे पाहिले. देवीदास घाम पुसत म्हणाले, “म्या त् सोयरीक मोडाले सांगतलं होतं, वैनी. यायले थेच आवडलं, त् मी काय करू?”

प्रथम इंदूबाई हसल्या. मग रुख्मिणीबाई हसल्या. नत्थुजी मात्र हसले नाहीत. सोयरीक झाल्याचे गावभर सांगून झाले होते, आणि आता काय तोंड दाखवावे हा त्यांचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. खुशालरावांनी टोपी काढली, हात जोडले आणि त्यांच्यापाशी एक मागणे केले. ते ऐकून नत्थुजींनी मुलाचा दंड सोडला.

गोवर्धन सर राहिले. कमिटी येऊन गेली, वर्ग टिकला आणि खुशालराव आस्थापनाप्रमुख झाले. नत्थुजी कामानिमित्त अमरावतीस आले की कचेरीत येऊन खुशालरावांना सर्वांदेखत ‘याही’, म्हणजे व्याही, म्हणून हाक मारीत, आणि खुशालरावही उठून उभे राहत. त्या दिवशी फाटकात त्यांनी केलेले मागणे मी हातातील बादली खाली ठेवून ऐकले होते. ते असे:

“नत्थुजी, पोरगी नाई जी माझ्यापाशी. पन तुमचं पोरगं माझ्यापाशी राहू द्या.”