चार धागे आणि एक मुकादम

माधव नगरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमधली दुपार आठवली की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. खिडक्यांचे ओढलेले पडदे, चार टर्मिनलांचा हिरवा उजेड, खालून ऑटोवाल्यांच्या झोपाळू हाका. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता आणि गल्लोगल्ली असे क्लास निघत होते.

माझ्या मैत्रिणीने युनिक्सवर धर्मशाळेच्या खोल्यांचं बुकिंग लिहिलं होतं. प्रोग्रॅम एकच, पण प्रत्येक टर्मिनलसाठी त्यात वेगळा धागा, म्हणजे थ्रेड. चारही टर्मिनलं नीट चालली तर सर तिला शिकवायला ठेवणार होते. नाहीतर तिला घरच्या पूजासाहित्याच्या दुकानात बसायचं होतं.

थ्रेडची लायब्ररी, म्हणजे धागे चालवणारा तयार कोड, मी सुचवली होती. मी घरातल्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेला. एका लायब्ररीत प्रत्येक धागा कर्नेलकडे, सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंदवावा लागे. दुसरीत धागे आपसांतच पाळी वाटून घेत, कर्नेलला पत्ताही नसे. मला हे स्वराज्यच वाटलं, म्हणून हीच निवडली.

सर यायच्या आधी तालीम चालली होती. तिने यात्रेकरूचं नाव अर्धंच टाइप केलं आणि संत्रं सोलायला घेतलं. बाकीच्या तिन्ही टर्मिनलांचे पडदे गोठले.

"नेताजी, तुमचं स्वराज्य झोपलं."

"तू एंटर दाब ना!"

"आणि यात्री विचार करत बसला तर? कर्नेलला चौघं मिळून एकच दिसतात. एक थांबला की सगळेच थांबतात."

भांडायला माझ्याकडे शब्द भरपूर होते, पडदे मात्र हलत नव्हते. तिने लायब्ररी बदलली, कर्नेलकडे नोंदवणारी घेतली. आता चालू कामांच्या यादीत प्रत्येक धागा वेगळा दिसत होता. आणि वर एक, आम्ही न बनवलेला.

"हा कोण?"

"बाकीच्यांवर नजर ठेवणारा. लायब्ररीच ठेवते. लो, मुकादमपण आला!"

सर आले, अर्धं नाव टाइप केलं, तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला आणि ते उठून गेले. त्यांचा कर्सर लुकलुकत राहिला. ती शेजारच्या टर्मिनलवर बसली, खोली दिली. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. खोलीभर संत्र्याचा वास तरंगत होता आणि कुणीच कुणासाठी अडलं नव्हतं.

सर परतले. त्यांचं अर्धं नाव तसंच वाट बघत होतं. बाकी तिन्हींवर बुकिंग झालेलं.

"कल से आ जाओ बेटा, सुबह की बैच."

तिने उरलेल्या फोडी माझ्यापुढे धरल्या. मी खाल्ल्या. त्या मुकादमाचा राग मात्र अजून आहे.