सिकंदरचाचांची सावर

आमच्या पेठेतली ही गल्ली संध्याकाळी पायी फिरावी. तोंडाशीच म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पुढं कल्हईवाल्याचा भाता, मग अरुणाकाकूंचं शेवया-कुरडयांचं दुकान. त्यांच्या समोर सिकंदरचाचांचं गाद्यांचं. त्या दुकानाच्या पाठीला बाग. लहानशीच, पण भांडून वाचवलेली. तिची किल्ली माझ्याकडं असते, आणि ती मागायची कुणाची छाती होत नाही.

बागेत सावरीचं झाड आहे. माघात लालभडक फुलतं आणि मग शेंगा धरतं. चाचा दरवर्षी त्या शेंगा फुटायच्या आधी काढायचे. पहाटेची नमाज झाली की आकडीचा बांबू घेऊन येत, मी कुलूप काढायचो, ते झाडावर. आतल्या कापसाच्या तळहाताएवढ्या उशा शिवायचे. गल्लीत कुणाच्याही घरी बारसं असलं की एक उशी जायची. पैसे विचारले तर चिडायचे. कापूस कुठला, हे मला आणि त्यांनाच ठाऊक.

चाचा सत्तरीचे. भुवयांत कायम कापूस अडकलेला. गिऱ्हाइकाला आधी फळीवर आडवं करून बघत. "पावणं, कुशीवर झोपता का उताणं?" त्यावर गादी ठरायची.

यंदा त्यांचा गुडघा धरला. झाडावर चढणं संपलं. आणि त्याच महिन्यात त्यांनी विजेवर चालणारं पिंजायचं मशीन घेतलं.

चैत्रात शेंगा झाडावरच फुटल्या. पन्हाळ्याकडनं वारं आलं आणि दुपारच्या सुस्त गल्लीवर कापूस तरंगायला लागला. ऊन कुठलं आणि कापूस कुठला, कळेना. म्हशींच्या शिंगांवर, कल्हईच्या पातेल्यात, झोपलेल्या कुत्र्याच्या कानात. मी बागेच्या दारात बसून नुसता बघत राहिलो. चांदणं भरदिवसा खाली यायला लागलं की काय, असं वाटत होतं.

अरुणाकाकूंना तसं वाटलं नाही. त्यांच्या ओल्या कुरडया उन्हात होत्या.

"अवं सिकंदरभाई! बघा की, कुरडईला दाढी फुटलीया! आमी काय दाढीवाल्या कुरडया इकायच्या?"

कापूस चाचांच्या छपरावरून येत होता. मशीन नवीन. सगळ्यांनी मशीनलाच धरलं. तालमीत बैठक बसली आणि ठरलं: आठवड्यात मशीन गल्लीतनं हलवायचं. मशीन नाही तर दुकान नाही. हातानं पिंजायची ताकद चाचांत उरली नव्हती. मी बोलायला उठलोच होतो. चाचांनी माझा सदरा मागनं ओढला.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "खरं सांगायला काय झालं? मुकाट काय बसता?"

"पलीकडची जांभूळ कशापायी तोडली? गाड्यांवर डाग पडत्यात म्हणून! आता म्या सावरीचं नाव घेतलं, तर उद्या कुऱ्हाड येतीया."

"आणि तुमचं पोट?"

"लेक हाय की गारगोटीला. शबनूर म्हणतीच हाय, या म्हणून." मग माझा हात घट्ट धरला. "तू तोंड उघडायचं न्हाय. तुझं तोंड म्हंजे भोंगा."

मी गप्प बसलो. आयुष्यात असा गप्प कधी बसलो नव्हतो.

टेम्पोत मशीन चढलं. चाचाही चढले. दुकानाची फळी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंद दुकानाच्या छपरावरून कापूस आला. कालच्याहून जास्त. अरुणाकाकू कुरडयांजवळ उभ्या राहिल्या. एकदा दुकानाच्या कुलपाकडं बघितलं, एकदा वर. मग पदर खोचून कापसाच्या मागं मागं चालत आल्या, थेट बागेच्या दाराशी. मी दार उघडलं. गल्लीत इतकी वर्षं राहून बाग त्या पहिल्यांदाच बघत होत्या. दुकान सोडून माणूस कधी हललंच नव्हतं.

सावरीखाली बसल्या. वरनं कापूस येत होता, सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखा. केसांत, मांडीवर. मग एक झुबका बोटांत चोळला, गालाला लावला.

"हे आमच्या सम्मेदच्या उशीतलं हाय," त्या म्हणाल्या. सम्मेद त्यांचा नातू. "पोरगं अजून ती घेतल्याबिगर झोपत न्हाय."

मला वाटलं, आता झाड गेलं.

"शेंगा कोण काढायचं?"

"चाचा. यंदा गुडघा धरला."

"आणि बोलले न्हाईत! आमी मशीनला शिव्या घालत बसलो." त्या एकदम माझ्यावरच उखडल्या. "आन् तू रं? एरवी माईक लागत न्हाय तुला!"

मी झाडाकडं बोट दाखवलं. त्यांनी बोट बघितलं, झाड बघितलं, आणि मान हलवली.

तशाच उठून तालमीच्या दारात उभ्या राहिल्या. केसांत कापूस तसाच. "ती सावर हाय, सावर! झाडाला हात लावाल तर माझ्याशी गाठ हाय. कुरडयांवर मी जुनं पातळ टाकीन. आन् पुढच्या वर्षी शेंगा काढायला तुमी चढायचं. नुसतं दंड फुगवून बसत्यात. आता जावा, चाचांना आणा."

तालमीतल्या पैलवानांनी खाली माना घातल्या. टेम्पो गारगोटीला गेला.

चाचा दुसऱ्या दिवशी उतरले. फळी काढली नाही, टेम्पोतल्या मशीनकडं बघितलं नाही. लंगडत आधी बागेच्या दाराशी आले आणि वर बघत उभे राहिले. कापूस त्यांच्या भुवयांवर येऊन बसत होता.

"किल्ली काढ की," म्हणाले.